तळापासून

सकाळी पावणेआठला तिच्या कुंपणाला सायकल टेकवते.
पिशवीत सलाईन, जाळीचं कापड, शैवालाच्या पट्ट्या,
आणि खाली कुठेतरी दबलेलं माझं चीज-पाव.

लोपरसमच्या या गल्लीत सरळ भिंत शोधून सापडत नाही.
खालचा वायू वर्षानुवर्षं उपसला,
आता जमीन झोपेत कूस बदलते
आणि वर कपबश्या किणकिणतात.
हिस्के म्हणते, माझं पोट त्याच्यावरच तर चाललं.

ती गिलावा करते. छतांचा.
बावीस वर्षं हात डोक्याच्या वर,
आणि त्याच हाताखाली, काखेत,
एक गाठ, मग दुसरी,
मग दोघींनी आतल्या आत खणलेली वाट.

अकरा वर्षं तिला सांगितलं गेलं :
नीट धुवा. सिगरेट सोडा. वजन उतरवा.
एकाने तर साबणाचं नावही लिहून दिलं.
ती काळे सदरे घालू लागली,
शिडीवर शेवटची चढायची, डबा एकटी खायची,
बहिणीच्या लग्नात फोटोसाठी कोणी खांद्यावर हात टाकला
तेव्हा ती म्हणाली, थांब हं, माझा बूट सुटलाय.

मग खोनिंगनला डॉक्टर तामिंगा भेटले.
बोथट सळई घेऊन ते एका तोंडातून आत शिरले
आणि चार बोटं पलीकडे, दुसऱ्याच तोंडातून बाहेर आले.
म्हणाले, रोगाला नाव आहे. तुमचा दोष नाही.
म्हणाले, बोगद्यांचं फक्त छप्पर काढायचं,
तळ ठेवायचा. नवी कातडी तळातूनच येते.
टाके घालणार नाही.

छप्पर, हा शब्द ऐकून ती हसली म्हणे,
टेबलावर, अर्धी गुंगीत.

आज एकोणिसावा दिवस.
मी पट्टी भिजवते, वाट बघते, सोलते.
ती खिडकीबाहेर बघते, शेजारच्या वॉल्डरिककडे,
तो कोंबड्यांना काहीतरी रागावून सांगतोय.
"आरसा आहे?" ती विचारते.
आजवर कधी विचारला नव्हता.

मी औषधांच्या डब्याचं झाकण उघडते, आत आरसा आहे, छोटा.
ती हात वर करते, मावेल तेवढा,
आणि बघते.
तळहाताएवढी उघडी जागा,
गाजराच्या किसासारखी दाणेदार, ओली,
कडेने फिकट गुलाबी रेघ आत सरकू लागलेली.
मी तयार असते. इथे लोक रडतात. मी रुमाल काढून ठेवलेला असतो.

ती कारागिराच्या डोळ्याने बघत राहते.
मान तिरकी, एक डोळा बारीक.
"हा कोपरा मागे आहे," म्हणते.
हो, म्हणते मी, तिथे खोल होतं.
"बरंय. घाई नको करू देऊस त्याला.
वरून लिंपलं की आत पोकळ राहतं,
आणि पोकळ कधी ना कधी वाजतंच.
पहिला थर सुकल्याशिवाय दुसरा देऊ नये,
हे मी पोरांना शिकवून थकले."

पट्टी बांधताना ती सहज सांगते,
जसं दुधाचा हिशोब सांगावा :
"उजवीकडे काल एक दाणा आलाय. हरभऱ्याएवढा."

मी थांबते.
तिला माहीत आहे, मला माहीत आहे,
हा पाहुणा कायमचा घर सोडून जात नाही,
फक्त खोल्या बदलतो.
वहीत लिहू का, मी विचारते.
"लिही. तामिंगांना सांग.
पण आधी डावी पुरी होऊ दे."

निघताना मी दारातून वळून बघते.
ती ओट्याशी उभी आहे, माझ्याकडे पाठ,
वरच्या फळीवरचा निळा कप हवाय तिला.
हात खांद्याशी येतो. थांबतो. थरथरतो.
आणखी चार बोटं वर जातो.

कप मिळाला की नाही ते मी बघितलं नाही.
पुढच्या घरी पावणेनऊची वेळ होती.
पण कुंपणापाशी येईपर्यंत
काहीच फुटल्याचा आवाज आला नाही.